थोरलीचा डाट

आमच्या गावात तुडुमाला विधुराचा हात लागत नाही.

तुडूम म्हणजे तलावाचं पाणी शेतात सोडायची जागा. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, आतल्या अंगाला दगडी पायऱ्या बांधल्या आहेत, एकीखाली एक. प्रत्येक पायरीत एक भोक आणि भोकात लाकडी डाट. डाटाला लांब दांडा असतो, तो पाण्याच्या वर दिसतो. दांडा पिळून वर ओढला की भोक मोकळं होतं, पाणी पाळीच्या पोटातून जातं आणि पलीकडे शेतात निघतं. वरच्या पायरीचं भोक लहान, त्याखालचं मोठं, आणि सगळ्यात खालचं एवढं की माणसाचं डोकं त्यात जाईल.

मी या तलावाचा पाणकर. पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं, हे पाणकर बघतो. माझ्या आधी माझे वडील बघत. वर्षातलं पहिलं पाणी सोडताना पाणकर आणि त्याची बायको जोडीनं पाळीवर बसतात, नारळ फोडतात, मग नवरा पाण्यात उतरतो. तो वर येईपर्यंत बायको जागची उठत नाही. एकट्या माणसानं तुडूम उघडला तर पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचत नाही, असं म्हणतात. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला धानाचा तुकडा. हे खरं की खोटं मी कधी तपासलं नव्हतं. तशी वेळ आली नव्हती.

वैशाखात माझी बायको, शांती, गेली. कावीळ झाली होती. गोंदियाला नेलं आणि तिथून परत आणलं.

यंदा पोळ्यानंतर पाऊस आलाच नाही. आमगावकडून येणारे सांगत की तिकडेही आभाळ कोरडं आहे. धान गर्भात होता. गर्भातल्या धानाला पाणी नाही मिळालं तर लोंब्या पोकळ निघतात. बांध्यांत भेगा पडायला लागल्या आणि लोक तलावाकडे बघायला लागले. तलावात पाणी होतं. अडचण दुसरी होती.

तुडुमाचं पाणी पाळीबाहेर जिथं निघतं, ती पहिली बांधी माझी आहे. ती भरली की तिथून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असं पाणी पुढे जातं. त्या माझ्या बांधीत, मधोमध, सारसाचं घरटं होतं. धानाच्या आणि गवताच्या काड्या ओढून केलेला ढीग, त्यावर दोन अंडी. बाकीचं रान सुकलं तरी ही बांधी पाळीच्या पाझरानं ओली राहते, म्हणून जोडी दरवर्षी इथंच येते. आमच्या जिल्ह्यात आता सारस फार उरले नाहीत. उन्हाळ्याच्या शेवटी मोजणी होते. आपल्याकडे आणि नदीपलीकडे बालाघाटातही एकाच सकाळी माणसं तलावांवर बसतात. आमच्या तलावावर बसणारी माणसं शांतीच्या हातचा चहा पिऊन जात. ती घरट्याची राखण करायची. तलावाच्या काठावर बेशरमाची झुडपं माजतात, देवधान म्हणजे रानचा धान आणि लव्हाळं मारून टाकतात. शांती दर उन्हाळ्यात बायका जमवून ती झुडपं उपटायची. कुणी सांगितलं म्हणून नाही. सारस तिथंच कंद खातात, हे तिनं पाहिलं होतं.

ती गेल्यावर तिची पातळं मी बांधीभोवती खुंट्यांना बांधली. रानडुकरं आणि कुत्री त्यानं बिचकतात. घरात पेटीत ठेवून मी काय करणार होतो.

सारस जोडीतला एक मेला की दुसरा जगत नाही, असं लोक सांगतात. तेराव्याला एकानं हे मला सांगितलं, बहुतेक समजूत घालायलाच. मी तेव्हा जेवत होतो. घास तोंडात होता.

हनुमानाच्या ओट्यावर बैठक बसली. योगराज बोलायला उठला. त्याची शेती माझ्या बाजूलाच आहे आणि या खेपेला जोडीनं बसायचा मान त्याला आणि त्याच्या बायकोला, भाग्यश्रीला, दिला होता.

"गुरुवारी तुडूम उघडू," तो म्हणाला. "आता थांबाले जागा नाई."

"अंडी फुटेपर्यंत थांबता आलं तं पाहा," मी म्हणालो. "आठवडाभराची गोष्ट हाय. पानी जोरात सुटलं तं घरटं राहत नाई."

"भाऊ, तुमची बांधी हाय म्हणून पाखराचे लाड चालून राहिले. आमच्या धानाले कोन पाहीन?"

"माहा धान का वेगळ्या पान्यावर हाय?"

म्हातारा उदाराम खांबाला टेकून बसला होता. त्याची बांधी सगळ्यात शेवटची. पाणी कमी पडलं की पहिल्यांदा त्याचंच मरतं, म्हणून त्याच्या बोलण्याला धार असते. "मानसाच्या पोटावर आलं अन् हा अंड्याची गोष्ट काढते," तो म्हणाला. "भाजी करून टाका. गोष्टच मिटते."

काही जण हसले.

"शांतीबाई असती तं तिच्या तोंडावर हे बोलले असते का, मामाजी?" बायकांच्या बाजूनं भाग्यश्री म्हणाली.

उदारामानं मान वळवली. "तिच्या तोंडावर कोन बोलत होता वो? मले बी जीव प्यारा हाय."

या वेळी सगळेच हसले आणि त्यामुळे मला बोलायला जागा मिळाली. मी म्हणालो, आठवडा नको, पण दोन गोष्टी करा. माझ्या बांधीला वळसा घालून एक पाट खोदू, म्हणजे पाणी घरट्यावर न येता बाजूनं पुढे जाईल. आणि तुडूम एकदम मोकळा सोडू नका. हळूहळू सोडा. पाणी रात्रंदिवस वाहू द्या, पोचायला एक दिवस जास्त लागेल, पण पोचेल.

"पाट कोनाच्या शेतातून जाईन?" योगराजनं विचारलं.

त्याच्याच शेतातून जाणार होता. दुसरी वाट नव्हती. पाटापुरता उभा धान उपटावा लागणार होता. योगराजनं भाग्यश्रीकडे बघितलं आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनरक्षक रश्मी मॅडम मोटारसायकलवर आल्या. वयानं माझ्या पोरीएवढ्या आहेत, पण खाकीला मी मॅडमच म्हणतो. पाळीवर उभं राहून त्यांनी बांधी पाहिली. मादी अंड्यांवर होती, नर लांब उभा राहून आमच्याकडे बघत होता.

"काका, मी आत्ता वर कळवलं की उद्या गाडी येईल," त्या म्हणाल्या. "घरटं मोडणं गुन्हा आहे. तुडूमला कोणी हात नाही लावणार."

"अन् पुढच्या साली?"

त्यांनी हातातल्या फोनकडे बघितलं.

"नदीकाठच्या त्या गावात काय झालं, तुम्हाले मालूम हाय."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. त्या गावात एका शेतकऱ्यावर खटला झाला होता. पुढच्या पावसाळ्यात तिथं सारस आले, फिरले, आणि एकही घरटं कुणाला दिसलं नाही. दिसायच्या आधीच मोडलं जात होतं. "पण काका, इथं मोडलं आणि मला माहीत असून मी गप्प बसले, तर माझी नोकरी जाईल. ते सोडा. मलाच झोप नाही लागणार."

"मोडलं तं मीच फोन करीन. माहं नाव पहिलं लिवा."

त्यांनी फोन खिशात टाकला. पण खिशाचं बटण लावलं नाही. "मग आता काय करायचं?"

"पाट खोदाले लागा."

"फावडं आहे?"

आम्ही योगराजच्या बांधापाशी पोचलो तेव्हा तो तिथं आधीच होता. फावडं घेऊन. त्यानं स्वतःच धान उपटायला सुरुवात केली होती आणि पोटरीतला हिरवा धान बांधावर ढीग करून टाकत होता.

"बोलू नोका," तो म्हणाला. "घरात जेवाले भेटलं पाहिजे ना मानसाले."

दुपारपर्यंत पाट झाला. मॅडमचा गणवेश गुडघ्यापर्यंत चिखलानं भरला. पाट अरुंदच होता. वरच्या लहान भोकाचं पाणी त्यात मावलं असतं, मधल्याचंही कसंबसं मावलं असतं. खालच्याचं मावलं नसतं. ते मला माहीत होतं आणि मी योगराजला तेच बजावलं. "आधी धाकटी. एक दिवस फक्त धाकटी. मंग लागलं तं मधली. थोरलीले हात लावजो नोको."

"धाकटी," तो म्हणाला. "समजलं ना भाऊ. किती वेळा सांगसान?"

गुरुवारी मी पाळीवर गेलो नाही. विधुरानं पूजेच्या वेळी समोर राहू नये असं उदारामानं निरोप पाठवून कळवलं होतं. मी पाळीच्या खाली, माझ्या बांधीच्या कोपऱ्यावर, पातळांच्या कुंपणापाशी उभा होतो. रश्मी मॅडम पाटाच्या तोंडाशी होत्या. वरून नारळाचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मादीनं मान उंच केली होती. सारसाकडे सरळ बघायचं नाही, त्यानं तो उठतो, असं शांती म्हणायची. मी पाळीकडे बघत राहिलो.

आधी पाण्याचा आवाज आला आणि त्या आवाजावरूनच मला कळलं. धाकटीचं पाणी गुळगुळतं. हे गडगडत आलं. पाळीच्या तोंडातून गढूळ पाण्याचा जाड लोट बाहेर पडला, पाटाचा बांध त्यानं एका धक्क्यात फोडला आणि तो माझ्या बांधीत शिरला. थोरली उघडली होती.

मला वाटलं, यानं दगा दिला. धान उपटून दिला, गोड बोलला आणि दगा दिला. दुसरं काही सुचलंच नाही.

रश्मी मॅडम ओरडल्या, "काका, बंद करायला सांगा."

पण वरही ओरडा चालला होता. डाट निघताना तुटला होता. थोरली आम्ही वर्षानुवर्षं उघडत नाही. लाकूड आतून सडलं होतं. अर्धा तुकडा दांड्याला लागून योगराजच्या हातात आला आणि अर्धा पाण्याच्या ओढीनं भोकातून निघून गेला. आता थोरली बंद करायला काही उरलं नव्हतं. घरटं तर जाणारच होतं, पण तलावही एक-दोन दिवसांत मोकळा झाला असता आणि सगळं पाणी बांध फोडून नाल्याला गेलं असतं.

घरट्याच्या बुडाला पाणी लागलं. मादी उठली. उडाली नाही. उभी राहून चोचीनं भोवतालच्या काड्या उचलायची आणि अंड्यांखाली खुपसायची. नर पाणी तुडवत जवळ आला आणि तोही काड्या ओढायला लागला. पाणी त्यांच्यापेक्षा जलद चढत होतं.

मी खुंट्यांवरचं पातळ ओढून काढलं. हाताला येईल ते. हिरवं होतं. योगराजनं उपटलेल्या धानाचा ढीग बांधावरच पडला होता. त्यातला कवेत मावेल तेवढा पातळात गुंडाळला, पातळाच्याच एका टोकानं आवळला, दुसरं टोक लांब मोकळं राहिलं. तसाच पाळ चढलो.

योगराज छातीभर पाण्यात उभा होता. तुटका दांडा अजून हातात.  उदाराम काठावर होता. माझ्याकडे बघून त्याला कळलं.

"देवचंद, तू नोको लावू हात," तो म्हणाला. "त्याले दे. तो टाकीन."

"त्याले भोक कुठं हाय ते मालूम नाई," मी म्हणालो आणि पाण्यात उतरलो.

भाग्यश्री पूजेच्या जागी बसली होती. नवरा पाण्यात असेपर्यंत तिनं उठायचं नव्हतं. ती उठली. पाण्यात आली आणि पातळाचं मोकळं टोक तिनं आपल्या मनगटाला गुंडाळलं.

"भाऊजी, ओढ लय हाय," ती म्हणाली. "हात अडकला तं टोकाले झटका देजा. मी ओढीन."

मी बुडी मारली. पायऱ्या मला पायांनी माहीत आहेत. पहिली, दुसरी, तिसरी. तिसरीवर पाण्याची ओढ एवढी होती की पाय आपोआप भोकाकडे गेला. पायरीची कड धरून मी खाली वाकलो आणि गाठोडं पुढे केलं. ते हातातून हिसकावून नेल्यासारखं गेलं. त्याच्याबरोबर माझा हात कोपरापर्यंत आत गेला आणि अडकला. पातळ ताणलं गेलं, आवळलं. मी झटका दिला की नाही, आठवत नाही. वरून ओढ आली, मग अजून जोरात आली, आणि हात सुटला. कातडी तिथंच राहिली. वर आलो तेव्हा भाग्यश्रीच्या मागे योगराजनं तिची कंबर धरली होती आणि दोघं मिळून टोक ओढत होते.

"सोडा आता," मी म्हणालो. "जास्त ओढसान तं निघून येईन."

पाळीच्या पलीकडचा गडगडाट थांबला. नुसतं पाझरण्याचा आवाज राहिला.

आम्ही काठावर बसलो.  मग मी योगराजला विचारलं, "काऊन केलं असं?"

"तुमीच तं सांगतलं ना. धाकटी."

"धाकटी वरची हाय गा. लहान भोकाची."

"वरची?" तो माझ्याकडे बघत राहिला. "वर तं थोरला बसते, भाऊ. घरात, पंगतीत. धाकटा खाली. मी म्हटलं सगळ्यात खालची ते धाकटी."

शांती आमच्या घरात आली तेव्हा भोकांना ही नावं तिनंच ठेवली होती, त्यांच्या आकारावरून. तीन जावांसारख्या दिसतात म्हणायची. आमच्या दोघांचीच भाषा होती ती. गावात दुसऱ्या कुणाला ती माहीत असायचं कारण नव्हतं, आणि हे इतक्या वर्षांत कधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"विधुराचा हात लागला तुडुमाले," उदाराम म्हणाला. मला नाही, कुणालाच नाही, असंच म्हणाला.

"अन् मी बसल्या जागची उठली," भाग्यश्री म्हणाली. ती पदर पिळत होती. "दोघांचाबी दोष लावा, मामाजी. पन आता धाकटी कोन उघडते ते सांगा. धान तसाच उभा हाय."

उदारामानं तलावाकडे पाहिलं. मग हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. "लागलाच हाय हात तं पुरा लावू दे."

मी धाकटी उघडली. पाटाचा फुटलेला बांध तोवर रश्मी मॅडमनी दोघातिघांना घेऊन परत घातला होता. पाणी गुळगुळत पाटानं पुढे गेलं.

खाली गेलो तर बांधीत पाणी घरट्याच्या कडेपर्यंत चढलेलं होतं. आम्ही बांधाला खालून तोंड पाडून ते उतरवलं, हळूच, पक्ष्यांकडे पाठ करून. मादी ओल्या काड्यांवर परत बसली. अंडी भिजली होती. त्यात जीव होता की गेला होता, ते बाहेरून कळायला मार्ग नव्हता. रश्मी मॅडम म्हणाल्या, बसली आहे म्हणजे तिला तरी वाटतंय. मी म्हणालो, तिला काय वाटतं ते आपल्याला कसं कळणार.

त्यानंतर मी रोज सकाळी पाळीवर जात होतो. भाग्यश्रीही यायची.  तिच्या मनगटावर पातळाच्या काठाचे वळ उठले होते, ते हळूहळू काळे पडले. एकदा योगराज तिच्याबरोबर आला आणि माझ्या शेजारी बसून तंबाखू मळत राहिला. जाताना म्हणाला, "मले वाटलं तुमी मारसान त्या दिवशी."

"हात रिकामा नव्हता," मी म्हणालो.

पाणी शेवटच्या बांधीत पोचलं. उदाराम स्वतः सांगायला आला. आमच्या अंगणात उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही. "पोचलं," म्हणाला आणि गेला.

एक अंडं फुटलं. पिल्लू मातकट रंगाचं होतं, आईच्या पायात पाय अडकवून चालत होतं. दुसरं फुटलं नाही. मादी दोन दिवस त्यावर बसून राहिली, मग पिल्लाला घेऊन नराच्या मागे धानात शिरली. त्यानंतर घरट्याकडे तिनं वळून पाहिलं नाही. ते अंडं मी रश्मी मॅडमना नेऊ दिलं. त्या म्हणाल्या, पुढच्या मोजणीत आपल्या तलावावर तीन लिहायचे. मी म्हणालो, लिहा, पण पिल्लू उडेपर्यंत थांबा.

धान कापायच्या आधी योगराज नवा डाट घेऊन आला. सागाचा, चांगला तासलेला, लांब दांड्याचा. "थोरलीत बसवू," म्हणाला. "ते गाठोडं काढून टाकू. किती दिवस टिकीन ते पातळ?"

मी डाट हातात घेऊन पाहिला. काम चांगलं होतं. थोरलीच्या मापाचाच होता. भोकाचं माप त्याला मीच दिलं होतं.

"उन्हाळ्यात पानी उतरलं की पाहू," मी म्हणालो.

त्यानं डाट माझ्या ओसरीत भिंतीला लावून ठेवला आणि खाली बसला. मग त्यानं विचारलं, "वरची धाकटी. मधली मधली. खालची थोरली. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो.